निर्धूम अग्नी आणि धुराची चव : अमेरिकेतील पेलेट ग्रिलचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

खाद्यसंस्कृतीच्या इतिहासलेखनात पदार्थ, पिके, मसाले आणि त्यांचा व्यापार यांचा पुष्कळ विचार झालेला आहे. ज्या अग्नीवर अन्न शिजते त्याचा विचार मात्र क्वचितच होतो. चूल ही सर्वकाळ सारखीच असणारी, इतिहासाबाहेरची वस्तू आहे असे आपण नकळत गृहीत धरतो. प्रस्तुत लेखात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील एका अलीकडच्या शेगडीच्या निमित्ताने हे गृहीतक तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

ही शेगडी 'पेलेट ग्रिल' या नावाने ओळखली जाते. लाकडाचा भुसा मोठ्या दाबाखाली दाबून तयार केलेल्या, सुमारे ६ मिलिमीटर जाडीच्या कांड्या म्हणजे पेलेट. विजेवर फिरणारा एक मळसूत्री दांडा या कांड्या थोड्याथोड्या करून एका लहानशा अग्निपात्रात ढकलतो, पंखा तेथे वारा पुरवितो आणि तापमान-नियंत्रक दोघांनाही आज्ञा देत राहतो. मांसाचा मोठा तुकडा आत ठेवून घरमालकाने खुशाल झोपी जावे, अशी या शेगडीची ख्याती आहे.

तिच्याविषयी वापरणाऱ्यांची एक तक्रार मात्र आरंभापासून कायम आहे. इंधन संपूर्णपणे लाकडाचे असूनही मांसाला लाकडाच्या धुराची चव पुरेशी येत नाही. ही तक्रार सामान्यतः पाकशास्त्राची किंवा यंत्राच्या जुळणीची मानली जाते आणि तिच्यावरचे उपायही त्याच अंगाने सुचविले जातात. प्रस्तुत लेखकाच्या मते ती मूलतः इतिहासाची समस्या आहे. धूर नाहीसा करण्यासाठी जन्मलेल्या यंत्राकडून धुराची अपेक्षा केली जात आहे, आणि हा धूर पूर्वी ज्यांच्या श्रमातून मिळत असे त्यांना वगळून तो मिळविण्याचा हा खटाटोप आहे.

मराठी वाचकाला या तक्रारीचे थोडे नवल वाटेल. आपल्याकडे दूध धुरकटणे हा चुलीपुढे बसणाऱ्या बाईचा निष्काळजीपणा समजला जातो. वांग्याचे भरीत, हुरडा किंवा रायगडची पोपटी यांना मात्र तोच वास हवा असतो. धुराला दोष म्हणावे की गुण, हे पदार्थावर आणि प्रसंगावर ठरते. अमेरिकेत ते कसे ठरत गेले, हे पाहण्यासाठी काही शतके मागे जावे लागते.

चर, निखारे आणि रात्रीची जागरणे

'बार्बेक्यू' या शब्दाचे मूळ कॅरिबियन बेटांवरील ताइनो लोकांच्या भाषेत सांगितले जाते. लाकडी काठ्यांचा जमिनीपासून उंच उभारलेला माचा, असा त्याचा अर्थ होता. गोंझालो फर्नांडेझ दे ओव्हिएदो या स्पॅनिश लेखकाच्या १५२६ मधील ग्रंथात 'बार्बाकोआ' हा शब्द आढळतो. उत्तर अमेरिकेतील इंग्रजी वसाहतींत या शब्दाला सामुदायिक मेजवानीचा अर्थ चिकटला. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या रोजनिशीत १७६९ मध्ये अलेक्झांड्रिया येथील अशा मेजवानीला गेल्याची नोंद आहे. व्हर्जिनिया व कॅरोलायना प्रांतांत पुढे निवडणूक-सभा, स्वातंत्र्यदिन, चर्चचे मेळावे यांचा हा अविभाज्य भाग बनला.

या मेजवानीची पद्धत समजून घेणे आवश्यक आहे, कारण धुराची 'खरी' चव म्हणून आज जी शोधली जाते तिचा उगम येथे आहे. जमिनीत लांबट चर खणला जाई. बाजूला हिकरी किंवा ओक अशा कठीण लाकडाची वेगळी आग पेटविली जाई. तिच्यातील ज्वाळा शमून निखारे झाले, की ते फावड्याने उचलून चरात पसरायचे. वर काठ्यांवर किंवा सळयांवर संपूर्ण डुक्कर ठेवायचे. मांस शिजण्यास संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंतचा काळ लागत असे. एवढा वेळ निखारे कमी-अधिक करणे, मांसाला कुंचल्याने व्हिनेगर-मिरचीचे पाणी लावणे, पडणाऱ्या चरबीमुळे भडका उठला तर तो दाबणे, ही कामे अखंड चालत. धूर कोठून येई? थोडा अर्धवट जळालेल्या लाकडातून, थोडा निखाऱ्यांवर पडून जळणाऱ्या चरबीतून. तो प्रमाणात राखणे हे निखारे सांभाळणाऱ्याचे कसब होते. पांढरा दाट धूर मांस कडवट करतो आणि विरळ, निळसर धूर त्याला गोडवा देतो, ही पारख डोळ्यांनी व नाकाने करायची असे.

रात्रभर जागून हे काम कोण करीत होते, या प्रश्नाला दक्षिणेच्या इतिहासात एकच ठळक उत्तर आहे. दक्षिणेतील मोठ्या मेजवान्यांत चर खणण्याचे, लाकूड फोडण्याचे व निखारे राखण्याचे काम प्रामुख्याने गुलाम कृष्णवर्णीयांकडे होते. १९३६ ते १९३८ या काळात 'फेडरल रायटर्स प्रोजेक्ट'ने पूर्वाश्रमीच्या गुलामांच्या मुलाखती घेतल्या. त्यांत दक्षिण कॅरोलायनातील वेस्ली जोन्स या वृद्धाने आपण मेजवानीच्या आदल्या रात्री जागून मांस भाजत व त्यावर रस शिंपीत असल्याचे सांगितले आहे. १८६५ मध्ये गुलामगिरी संपल्यानंतरही हे कसब कृष्णवर्णीय कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या टिकले आणि अनेकांच्या उपजीविकेचे साधन झाले. तथापि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील पाककृतींची पुस्तके व नियतकालिके बार्बेक्यूचा चेहरा म्हणून बहुतेक वेळा गोरा पुरुषच पुढे करीत राहिली. एड्रियन मिलर यांचे २०२१ मधील 'ब्लॅक स्मोक' हे पुस्तक याच विस्मरणाचा पाठपुरावा करते.

टेक्सासचा मध्यभाग येथे थोडक्यात नमूद केला पाहिजे. तेथे जर्मन व चेक स्थलांतरितांच्या खाटीकखान्यांत न विकलेले मांस धुरी देऊन टिकविण्याची प्रथा होती. लॉकहार्ट येथील 'क्रॉइट्झ मार्केट' १९०० पासूनचे. येथे डुकराऐवजी गोमांस आले, निखाऱ्यांऐवजी एका टोकाला जळणाऱ्या पोस्ट ओकच्या ओंडक्यांची आग आली आणि चवीत धुराचा वाटा वाढला. आज शहरी अमेरिकन ज्या गडद काळ्या सालीच्या 'ब्रिस्केट'साठी रांग लावतो, तो या परंपरेतला आहे. पेलेट ग्रिलची तुलनाही बहुधा याच चवीशी केली जाते.

अग्नी आणि धूर यांची फारकत

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून एक वेगळीच प्रक्रिया सुरू झालेली दिसते. आतापर्यंत उष्णता आणि धूर ही एकाच लाकडाची अपत्ये होती. आता ती दोन स्वतंत्र विक्रेय वस्तू होऊ लागली.

१८९५ मध्ये कॅन्सस सिटीच्या अर्नेस्ट राइट यांनी लाकडाचा धूर थंड करून मिळणारा द्रव बाटलीत भरून विकण्यास प्रारंभ केला. मांसाला हा द्रव चोळला, की धुरीच्या खोलीची गरज उरत नसे. दुसऱ्या बाजूला कोळशातून धूर काढून टाकला जात होता. कोळशाच्या भुकटीच्या वड्यांचे एक पेटंट एल्सवर्थ झ्वॉयर यांनी १८९७ मध्ये मिळविले होते, परंतु त्या घरोघरी पोहोचविल्या हेन्री फोर्ड यांच्या उद्योगाने. मोटारगाड्यांसाठी लागणाऱ्या लाकडाचे मिशिगनमधील कारखान्यात उरणारे तुकडे व भुसा वाया जाऊ नये म्हणून १९२० च्या दशकात त्यांच्या वड्या करण्यात आल्या आणि फोर्डच्या विक्रेत्यांमार्फत विकल्या गेल्या. १९५१ मध्ये हा व्यवसाय विकला गेल्यावर तो 'किंग्जफोर्ड' या नावाने प्रसिद्धीस आला. मोटारीच्या कारखान्याने उपनगरातील परसदारी शेगडी पेटविली, ही घटना अमेरिकन इतिहासकारांना जितकी साधी वाटते तितकी ती नाही. मोटारीशिवाय ते उपनगर नव्हते आणि उपनगराशिवाय ते परसदार नव्हते. १९५२ मध्ये शिकागोजवळ जॉर्ज स्टीफन यांनी पाण्यावर तरंगणाऱ्या धातूच्या बोयाच्या धर्तीवर झाकणाची गोल शेगडी तयार केली. पुढे गॅसची शेगडी आली आणि लाकूड पूर्णपणेच बाजूला पडले.

येथे श्रमाचा प्रश्नही बदलला होता. परसदारी शेगडीपुढे उभा राहणारा मध्यमवर्गीय पुरुष हौसेने उभा राहत होता. बारा-चौदा तास जागण्याची त्याची तयारी नव्हती आणि त्याच्यासाठी जागणारे कोणी नव्हते. त्याला चव हवी होती, जागरण नको होते.

तेलटंचाई, भुसा आणि ओरेगन

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब तेल-उत्पादक देशांनी निर्यातबंदी घातली आणि काही महिन्यांतच कच्च्या तेलाचा भाव सुमारे चौपट झाला. अमेरिकन घरे उबदार राखण्यासाठी लाकडाकडे पुन्हा लक्ष गेले. वायव्येकडील ओरेगन व वॉशिंग्टन ही राज्ये लाकूड-कटाईची. तेथील गिरण्यांत भुशाचे डोंगर साचत आणि ते शंकूच्या आकाराच्या प्रचंड लोखंडी भट्ट्यांत नुसतेच जाळून टाकले जात. हवेच्या प्रदूषणाविरुद्धच्या नियमांमुळे १९७० च्या दशकात या भट्ट्या बंद पडत गेल्या. भुसा होता, तेल महाग होते. भुशाचे इंधन करणे हा विचार स्वाभाविकच होता.

परंतु घरोघरी लाकडाच्या शेगड्या पेटू लागल्यावर डोंगरांनी वेढलेल्या गावांवर हिवाळ्यात धुराचे आवरण साचू लागले. लाकडी शेगड्यांच्या धुरावर निर्बंध आणण्यात ओरेगन हे पहिले राज्य ठरले, तेथील कायदा १९८३ चा. संघराज्याच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचे नियम १९८८ मध्ये आले. याच वातावरणात, १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात, वॉशिंग्टन राज्यातील जेरी व्हिटफील्ड या वैमानिकी अभियंत्याने घरगुती पेलेट स्टोव्ह विकसित केला. कोरडे, एकसारख्या आकाराचे इंधन मोजून टाकायचे आणि त्याला भरपूर हवा द्यायची, म्हणजे ते जवळजवळ संपूर्ण जळते, हे त्याचे तत्त्व. १९८८ च्या नियमांत एक मौजेची तरतूद होती. ज्या शेगडीत इंधनाच्या ३५ पटींहून अधिक हवा पुरविली जाते ती नियमांच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आली होती. त्यामुळे स्टोव्ह-निर्मात्यांना जास्तीत जास्त हवा खेळविण्याचे प्रलोभनच मिळाले. ही सवलत २०१५ मध्ये रद्द झाली.

ओरेगनमधील माउंट एंजेल हे छोटे गाव. तेथे जो ट्रेगर यांचा घर उबदार ठेवण्याच्या उपकरणांचा कौटुंबिक व्यवसाय होता. स्वातंत्र्यदिनाच्या मेजवानीत गॅसच्या शेगडीने पेट घेतल्यामुळे त्यांना नव्या शेगडीची कल्पना सुचली, असे सांगितले जाते. व्यवसायांच्या अशा जन्मकथा इतिहासकाराने थोड्या अंतरावरूनच ऐकाव्यात. हिवाळ्यात खपणाऱ्या मालाच्या विक्रेत्याला उन्हाळ्यातही खपेल अशी वस्तू हवी असणे, हे कारणही पुरेसे वजनदार आहे. १९८५ च्या सुमारास त्यांनी पेलेट स्टोव्हचेच तत्त्व लोखंडी पिंपासारख्या शेगडीत बसविले, त्याचे पेटंट घेतले आणि दोन दशके या क्षेत्रात त्यांना जवळजवळ प्रतिस्पर्धी नव्हता. २००६ मध्ये पेटंटची मुदत संपल्यावर इतर अनेक कंपन्या उतरल्या. कुटुंबाकडून बाहेरच्या गुंतवणूकदारांकडे गेलेली मूळ कंपनी २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात नोंदली गेली.

या वंशावळीतून लक्षात घेण्याची बाब अशी, की मांसाला धुरी देणारे हे यंत्र धुरीच्या खोलीपासून किंवा चरापासून उत्क्रांत झालेले नाही. त्याचा पूर्वज हवा स्वच्छ राखण्यासाठी घडविलेला स्टोव्ह आहे.

संपूर्ण ज्वलनाची किंमत

धुराची चव म्हणजे नेमके काय, याचे थोडे रसायनशास्त्र येथे अपरिहार्य आहे. कठीण लाकडात सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन हे तीन मुख्य घटक असतात. उष्णतेने आधी हेमिसेल्युलोज, मग सेल्युलोज आणि सर्वांत शेवटी, सुमारे ३०० ते ५०० अंश सेल्सिअस तापमानाला, लिग्निन विघटित होते. पहिल्या दोहोंतून गोडसर, खमंग व आंबट वासाची द्रव्ये निर्माण होतात, तर लिग्निनपासून ग्वायकॉल व सिरिंगॉल ही द्रव्ये मिळतात. ज्याला आपण धुराचा वास म्हणतो तो मुख्यतः या शेवटच्या दोन द्रव्यांचा आहे. मात्र ही द्रव्ये लाकूड धुमसत असतानाच टिकतात. हवा भरपूर मिळाली आणि ज्वाळा प्रखर झाली, की तीच जळून जातात आणि मागे कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ व थोडी राख एवढेच उरते. जे सुवासिक आहे ते अर्धवट जळालेले इंधन आहे. पेलेटच्या कांड्या कोणत्याही डिंकाशिवाय एकत्र राहतात त्याही लिग्निनमुळेच. दाबाच्या उष्णतेने ते मऊ होऊन भुशाला बांधते. म्हणजे चवीचे मूळ द्रव्य कांडीत पुरेपूर हजर असते; अग्निपात्रातील वारा ते टिकू देत नाही. त्यातच पेलेटमधील पाण्याचे प्रमाण साधारणतः ५ ते ८ टक्के, तर बार्बेक्यूवाले वापरतात त्या ओंडक्यात ते २० टक्क्यांच्या आसपास असते.

याच तत्त्वाचा आपल्याजवळचा दाखला म्हणजे पुण्याच्या 'फर्स्ट एनर्जी' या कंपनीने विकलेला 'ऊर्जा' स्टोव्ह. बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था व 'बीपी' ही तेल कंपनी यांच्या सहकार्यातून तो तयार झाला आणि २००६ पासून महाराष्ट्र, कर्नाटक आदी राज्यांत विकला गेला. शेतीतील काडीकचऱ्याच्या कांड्या आणि बॅटरीवर चालणारा छोटा पंखा, असे त्याचे स्वरूप. चुलीपुढे डोळे चोळणाऱ्या स्त्रीला धुरापासून सोडविणे हा त्याचा हेतू. कांड्यांचा भाव वाढत गेल्याने घरगुती बाजारात तो टिकला नाही, हा भाग वेगळा. येथे महत्त्वाचे आहे ते साम्य. जे भौतिकशास्त्र माउंट एंजेलच्या शेगडीत उणीव ठरले तेच महाराष्ट्रातील स्वयंपाकघरात वरदान म्हणून मांडले गेले. धूर कोणाच्या डोळ्यांत जातो आणि कोणाच्या जिभेवर, यावर त्याचे मोल ठरते.

धूर परत आणण्याचे उपाय

पेलेट ग्रिलमधून अधिक धूर मिळविण्याचे आज प्रचलित असलेले उपाय पाहिले, तर त्यांतील बहुतेक यंत्राच्या कार्यक्षमतेत जाणूनबुजून बिघाड करणारे आहेत असे दिसते.

पहिला व सर्वांत परिणामकारक उपाय तापमानाचा. मांस आत ठेवल्यावर आरंभीचे दोन-तीन तास शेगडी ८० ते ११० अंश सेल्सिअस एवढीच तापवावी आणि नंतर आच वाढवावी. कमी आचेवर मळसूत्री दांडा बराच वेळ थांबतो, अग्निपात्रातील आग विझण्याच्या बेतात येते, मग पडलेल्या नव्या कांड्या काही क्षण धुमसतात आणि धूर देतात. आरंभीच्या नियंत्रकांना मंद, मध्यम, प्रखर एवढ्याच पायऱ्या होत्या. पुढच्या काही नियंत्रकांत दांड्याच्या विश्रांतीचा काळ बदलण्याची सोय होती. विश्रांती लांबविली की तापमान खालीवर होई, पण धूर वाढे. नंतर तापमानाचा अंदाज घेत सतत सूक्ष्म दुरुस्ती करणारे नियंत्रक आले. तापमान काही अंशांच्या फरकात स्थिर राहू लागले आणि धुराची चव आणखी फिकी झाली. ग्राहकाने अचूकता मागितली होती, ती त्याला मिळाली. आता निर्माते आपल्या यंत्रांत 'अधिक धूर' देणारे स्वतंत्र बटण देतात. ते दाबल्यावर पंखा मध्येमध्ये थांबतो आणि आगीची मुद्दाम उपासमार होते. मोठ्या परिश्रमाने सुधारलेले यंत्र बटण दाबून पुन्हा बिघडविण्याची ही सोय तंत्रज्ञानाच्या इतिहासात दुर्मीळच म्हणावी लागेल.

दुसरा उपाय म्हणजे धुराची वेगळी आग. छिद्रे पाडलेल्या पोलादी नळीत पेलेट भरतात, एका टोकाला पेटवतात, काही मिनिटांनी ज्वाला फुंकून विझवतात आणि नळी शेगडीच्या जाळीवर ठेवतात. कांड्या पंख्याच्या वाऱ्यापासून दूर, स्वतःच्या गतीने धुमसत राहतात. सुमारे फूटभर लांबीची नळी चार-पाच तास धूर देते. शेगडी उष्णता देणार आणि नळी धूर, अशी विभागणी झाल्यामुळे मुख्य आगीचे तापमान कितीही ठेवता येते. खर्च आणि परिणाम यांचा विचार करता सर्वसामान्य वापरासाठी हाच उपाय सर्वांत भरवशाचा आहे. उष्णता व धूर यांची १८९५ पासून सुरू झालेली फारकत येथेही कायम राहते, हे मात्र खरे. अग्निपात्रालगत लाकडाचे ठोकळे ठेवणे हा त्याच जातीचा उपाय आहे आणि काही नव्या शेगड्यांत त्यासाठी खास खण दिलेला असतो.

लाकडाच्या जातीबद्दल बाजारात जेवढी चर्चा होते तेवढा तिचा प्रभाव नाही. हिकरी, मेस्कीट व ओक यांचा धूर तीव्र आणि सफरचंद, चेरी व आल्डर यांचा सौम्य, हे ढोबळमानाने बरोबर आहे. परंतु पुष्कळ पिशव्यांत ओक किंवा आल्डर हेच मुख्य लाकूड असून पिशवीवर नाव असलेले लाकूड त्यात मिसळलेले असते, म्हणून पिशवीवरील घटक वाचून पाहावेत. शिवाय आग कशी जळते यावर चव जितकी अवलंबून आहे तितकी झाडाच्या नावावर नाही. कांड्या ओल्या करून धूर वाढविण्याचा प्रयत्न मात्र कोणी करू नये. पाणी लागताच त्या फुगून पुन्हा भुसा होतात आणि मळसूत्री दांडा अडकतो.

मांसाकडूनही काही साधता येते. धुरातील द्रव्ये थंड व ओलसर पृष्ठभागावर अधिक जमतात. म्हणून मांस शीतकपाटातून काढून थेट शेगडीत ठेवावे, दर तासाला त्यावर पाणी किंवा पातळ केलेले व्हिनेगर शिंपडावे आणि ते कागदात वा धातूच्या पातळ पत्र्यात गुंडाळण्याची घाई करू नये. येथे एका रूढ समजाचे निरसन केले पाहिजे. मांस ६० अंशांच्या वर गेले की ते धूर घेणे थांबवते, असे सर्रास सांगितले जाते. या सुमारास थांबते ती कापलेल्या मांसाच्या कडेवरील गुलाबी पट्ट्याची वाढ. हा पट्टा नायट्रिक ऑक्साइड व कार्बन मोनॉक्साइड यांच्या मांसातील रंगद्रव्याशी होणाऱ्या संयोगाने बनतो आणि त्याला स्वतःची चव नसते. धूर मात्र पृष्ठभाग ओलसर असेपर्यंत जमत राहतो. निखाऱ्यांजवळ रात्रभर मांसाला रस लावीत बसणाऱ्यांची कृती केवळ मसाला चढविण्यासाठी नव्हती, हे यावरून ध्यानात येते.

अतिरेकाचा धोका सांगितल्याशिवाय हा भाग पुरा होत नाही. दाट पांढऱ्या धुरात मांस ठेवल्यास जीभ बधिर करणारा कडवटपणा येतो. धुरातील काही संयुगे कर्करोगकारक आहेत. युरोपीय संघाने धुरी दिलेल्या मांसातील बेंझोपायरीनची मर्यादा सप्टेंबर २०१४ पासून किलोमागे ५ मायक्रोग्रॅमवरून २ मायक्रोग्रॅमवर आणली. धूर अधिक हवा म्हणजे तो किती व कसा हवा, हे ठरविण्याचे काम पुन्हा माणसाच्या डोळ्यांकडेच येते.

'खरे' बार्बेक्यू आणि श्रमाचा हिशेब

पेलेट ग्रिलला बार्बेक्यू म्हणावे काय, यावर अमेरिकेत दीर्घकाळ वाद आहे. 'कॅन्सस सिटी बार्बेक्यू सोसायटी'च्या स्पर्धांत गॅस व विजेच्या उष्णतेवर मांस शिजविण्यास बंदी आहे. पेलेट मात्र चालतात आणि ते ढकलणारा विजेचा दांडाही चालतो. म्हणजे नियम इंधनाकडे पाहतो, हाताकडे पाहत नाही. याउलट उत्तर कॅरोलायनात समाजशास्त्रज्ञ जॉन शेल्टन रीड व डॅन लेव्हिन यांनी २०१३ मध्ये खऱ्या बार्बेक्यूसाठी मोहीम सुरू केली. केवळ लाकडावर वा लाकडी कोळशावर शिजविणाऱ्या उपाहारगृहांना ती प्रमाणित करते. गॅसच्या भट्टीत लाकडाचा एखादा तुकडा टाकून चव आणणाऱ्यांना तिच्यात स्थान नाही. एडन या गावातील १९४७ पासूनचे 'स्कायलाइट इन' आजही लाकडाच्या निखाऱ्यांवर अख्खे डुक्कर भाजते.

या मोहिमेशी सहानुभूती असली तरी एक अडचण नजरेआड करता येत नाही. निखाऱ्यांची रात्रपाळी हा जेव्हा परंपरेचा गौरव म्हणून सांगितला जातो, तेव्हा ती पाळी बराच काळ सक्तीची होती हे सहसा त्याच दमात सांगितले जात नाही. आणि यंत्राने ही पाळी संपविली याचा आनंद व्यक्त होतो, तेव्हा त्या पाळीत जमलेले ज्ञान कोणाचे होते हे विचारले जात नाही. निळसर धुराची पारख, निखाऱ्यांचा थर किती जाड ठेवायचा, भडका कसा दाबायचा, यांतील कशाचेही पेटंट कोणी घेतलेले नाही. मळसूत्री दांड्याचे मात्र झाले.

दक्षिण कॅरोलायनातील हेमिंग्वे या गावी रॉडनी स्कॉट हे कृष्णवर्णीय बार्बेक्यूकार वयाच्या अकराव्या वर्षापासून कुटुंबाच्या दुकानात डुकरे भाजू लागले. उभ्या पिंपात लाकूड जाळायचे, तळाशी गळून पडणारे निखारे फावड्याने उचलून डुकराखाली पसरायचे, ही चराच्या काळातलीच पद्धत ते वापरतात. २०१८ मध्ये त्यांना आग्नेय विभागातील सर्वोत्तम बल्लवाचार्याचा जेम्स बिअर्ड पुरस्कार मिळाला. त्यांच्या पिंपाला तापमान-नियंत्रक नाही. निखारे केव्हा घालायचे ते चरबी ठिबकण्याच्या आवाजावरून आणि धुराच्या रंगावरून ठरते, आणि ते ठरविण्यासाठी रात्री कोणीतरी जागे असावे लागते. आता त्या जागरणाला मजुरी आहे आणि जागणाऱ्याचे नाव दुकानाच्या पाटीवर आहे.